शाळेचे आकडे वर जातात. ते परत कधी येतात?

गेल्या दोन वर्षांत मुंबईतील पालकसभांमध्ये ‘अपार’ हा शब्द सारखा कानावर पडू लागला आहे. मुलाचे आधार कार्डावरील नाव शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नावाशी जुळले पाहिजे, आडनाव आधी आहे की शेवटी आणि वडिलांचे नाव मध्ये आहे की नाही हे तपासले पाहिजे, मग संमतीपत्रावर सही झाली की मुलाला ‘अपार’ हा बारा अंकी ओळख क्रमांक मिळेल, असे वर्गशिक्षिका सांगतात. पालक सही करतात आणि जिना उतरताना एकमेकांना विचारतात की हे नेमके कशासाठी. त्याच सुमारास वर्तमानपत्रांत बातम्या येतात: अमुक सर्वेक्षणात राज्य मागे पडले, तमुक अहवालात पुढे गेले, देशातील विद्यार्थी कोटीने कमी झाले. या सगळ्या गोष्टींचा उगम एकच आहे. शाळांकडून माहिती गोळा करायची, ती जुळवून पाहायची आणि तिच्या आधारे शिक्षक कोठे द्यायचे, पैसा कोठे खर्च करायचा, कोणत्या मुलांना जादा शिकवायचे हे ठरवायचे, असा त्यामागील विचार आहे. विचार चांगलाच आहे. तो प्रत्यक्षात कोठे अडखळतो हे कळण्यासाठी आधी आकडे येतात कोठून ते पाहावे लागेल.

शाळा मोजणे वेगळे, शिकणे मोजणे वेगळे

देशातील शाळांची सर्वांत मोठी मोजणी ‘यू-डायस प्लस’ या नावाने होते. १९९४-९५ मध्ये निवडक जिल्ह्यांतील प्राथमिक शाळांपुरती सुरू झालेली ही पद्धत २०१२-१३ पासून पहिली ते बारावीसाठी एकत्र करण्यात आली आणि २०१८-१९ पासून शाळा ती ऑनलाइन भरू लागल्या. प्रत्येक शाळेला अकरा अंकी क्रमांक असतो. महाराष्ट्रातील शाळेचा क्रमांक २७ ने सुरू होतो; पुढील अंकांवरून जिल्हा, तालुका किंवा विभाग, गाव किंवा प्रभाग आणि शेवटी शाळा ओळखता येते. वर्गखोल्या किती, मुलींचे स्वच्छतागृह आहे का आणि ते वापरात आहे का, पिण्याचे पाणी आहे का, शिक्षक किती, कोणत्या इयत्तेत किती मुले, असे प्रश्न त्यात असतात. ही शाळांची जनगणना आहे. मूल वाचू शकते का, हा प्रश्न तिच्यात नाही.

तो प्रश्न विचारण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली सरकारी आहे, आणि तिचे नाव राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण. संपादणूक म्हणजे त्या इयत्तेत जे यायला हवे त्यापैकी मुलाला किती येते. निवडलेल्या शाळांत जाऊन ही चाचणी घेतात; २०१७ आणि २०२१ मध्ये ती झाली आणि ४ डिसेंबर २०२४ रोजी ‘परख’ या नव्या नावाने तिसरी, सहावी व नववीच्या मुलांसाठी झाली. दुसरी तऱ्हा ‘असर’ अहवालाची. मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९० च्या दशकात काम सुरू केलेल्या ‘प्रथम’ या संस्थेने २००५ पासून ती चालवली आहे. तिचे स्वयंसेवक मुलाला शाळेत न गाठता घरी गाठतात आणि त्याच्यापुढे एक कागद ठेवतात: काही अक्षरे, काही शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट. मूल जेथवर वाचते तेथवर त्याची नोंद होते. या कागदाचा साधेपणा हेच त्याचे बळ आहे, कारण निष्कर्ष कोणत्याही आजीला सांगितला तरी समजतो. देशभरातील ग्रामीण भागात सरकारी शाळेत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २०.९ टक्के होती, करोनाकाळातील शाळाबंदीनंतर २०२२ मध्ये ती १६.३ टक्क्यांवर आली आणि २०२४ मध्ये २३.४ टक्के झाली.

घरी जाण्याचे कारणही समजण्यासारखे आहे. शाळेत गेले तर त्या दिवशी हजर असलेले मूल भेटते. जे आजारी आहे, जे धाकट्या भावाला सांभाळत घरी बसले आहे, ज्याचे नाव पटावर आहे पण पाय शाळेत पडत नाही, ते निसटते. उलट घरी भेटलेल्या मुलावरून एखाद्या विशिष्ट शाळेविषयी काहीच सांगता येत नाही. म्हणून या दोन्हींचे आकडे वेगवेगळे आले की कोणीतरी खोटे बोलत आहे असे मानण्याची घाई करू नये. प्रश्न वेगळा, जागा वेगळी आणि भेटलेली मुलेही वेगळी असतात.

शितावरून भाताची परीक्षा कितपत होते?

सगळ्या मुलांची चाचणी न घेता काहींचीच घेऊन सगळ्यांविषयी कसे बोलता येते, ही शंका नेहमी येते. स्वयंपाकघरात हे आपण रोज करतो. पातेल्यातील एक शीत दाबून भात शिजला की नाही ते ओळखतो, फक्त भात आधी ढवळलेला असावा लागतो. वरचेच शीत पाहिले तर तळाचा करपलेला भात कळत नाही. सर्वेक्षणातील ढवळणे म्हणजे निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कोणाच्या सोयीने न होता, होणे. ‘असर’मध्ये एका जिल्ह्यातून ३० गावे आणि प्रत्येक गावातून २० घरे अशा पद्धतीने निवडली जातात. जिल्ह्याच्या चित्रासाठी एवढे ठीक आहे, पण एका गावासाठी किंवा एका शाळेसाठी ते पुरत नाही.

येथे मुंबईकर वाचकाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. हा अहवाल ग्रामीण भागाचा असतो, त्यामुळे मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन्ही जिल्हे त्या पातेल्यातच नसतात. ‘महाराष्ट्रातील पाचवीच्या मुलांना वाचता येत नाही’ असा मथळा वाचून कुर्ल्याच्या किंवा दहिसरच्या शाळेविषयी निष्कर्ष काढणे म्हणजे शेजारच्या घरातील शीत दाबून आपला भात उतरवण्यासारखे आहे.

सरासरीविषयी कुलाबा आणि सांताक्रूझ काय सांगतात

२६ जुलै २००५ चा दिवस मुंबई विसरलेली नाही. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटरची. दोन्हींची सरासरी काढली तर ५०० मिलिमीटरच्या पुढे जाते. एवढा पाऊस या दोन्हींपैकी कोठेच पडला नव्हता. सरासरीचा आकडा गणिताने बरोबर होता आणि उपनगरात गळ्याएवढ्या पाण्यातून चालणाऱ्या माणसाच्या काहीही उपयोगाचा नव्हता.

शिक्षणात हीच गफलत शिक्षकांच्या प्रमाणाबाबत होते. शिक्षणाच्या हक्काचा कायदा प्राथमिक वर्गांसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक आणि उच्च प्राथमिकसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक असावा असे सांगतो. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांच्या आहेत आणि बऱ्याचदा एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमांच्या शाळा भरतात. समजा, अशा एका इमारतीत मराठी माध्यमाच्या वर्गात १४ मुले आहेत आणि वरच्या मजल्यावरील दुसऱ्या माध्यमाच्या वर्गात ४६. सरासरी अगदी ३०, म्हणजे कायद्याप्रमाणे सर्व आलबेल. पण त्या दोन वर्गांतील शिक्षकांची अदलाबदल करता येत नाही, कारण भाषा वेगळी आहे. राज्याची किंवा जिल्ह्याची सरासरी पाहून धोरण ठरवणाऱ्याला या दोन्ही खोल्या दिसत नाहीत.

विद्यार्थी घटले की मोजणी बदलली?

यू-डायस प्लसनुसार २०२१-२२ मध्ये देशात २६.५२ कोटी विद्यार्थी होते, २०२२-२३ मध्ये सुमारे २५.१८ कोटी झाले, पुढील वर्षी २४.८० कोटी आणि २०२४-२५ मध्ये २४.६९ कोटी. पहिल्याच पायरीवर सव्वा कोटीहून अधिक मुले गेली कोठे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. उत्तराचा मोठा भाग मोजणीच्या पद्धतीत आहे. २०२२-२३ पूर्वी शाळा इयत्तावार एकूण संख्या कळवत असे. त्या वर्षापासून प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद घेतली जाऊ लागली. ज्या मुलाचे नाव सरकारी शाळेतही होते आणि खासगी शाळेतही, ते आता एकदाच मोजले जाऊ लागले. एका कुटुंबाची दोन रेशनकार्डे रद्द झाली म्हणून गावातील माणसे कमी होत नाहीत. जन्मदर कमी झाल्याने लहान इयत्तांमधील मुले खरोखरही कमी होत आहेत, आणि शाळा सोडणारी मुलेही आहेत, पण नव्या पद्धतीचा आकडा जुन्या पद्धतीच्या आकड्याशेजारी ठेवून या तीन कारणांचे वाटे वेगळे करता येत नाहीत. अहवालातही ही तुलना सरळ करू नये असे म्हटले आहे. मथळ्यात तेवढी जागा नसते.

आकडे खरे कशावरून?

ही शंका सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून येथे थोडे थांबू. महाराष्ट्रात शाळेच्या पटावर किती मुले आहेत यावरून त्या शाळेला शिक्षकांची किती पदे मिळतील हे ठरते. या प्रक्रियेला संच मान्यता म्हणतात. पट घसरला की पद जाते, शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि त्याचे दुसऱ्या शाळेत समायोजन होते. ज्या आकड्यावर नोकरीची जागा अवलंबून आहे तो आकडा भरण्याचे काम त्याच शाळेकडे दिल्यावर काय होऊ शकते, ते राज्याने ऑक्टोबर २०११ मध्ये पाहिले. ३ ते ५ ऑक्टोबर या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मतदानाला लावतात तशी शाई मुलांच्या बोटाला लावण्यात आली. पटावर नावे आहेत आणि वर्गात मुले नाहीत, असे पुष्कळ शाळांत आढळले. आठ वर्षांच्या मुलाच्या बोटाला शाई लावण्याची वेळ एखाद्या राज्यावर यावी, हे त्या आकडेवारीविषयी पुरेसे बोलते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात याविषयी इशारा दिला होता. एखाद्या आकड्यावर जितके मोठे निर्णय टेकवाल तितका तो आकडा बिघडवण्याचा मोह वाढेल आणि तो आकडा ज्या कामासाठी होता ते कामही बिघडेल, असे त्यांच्या म्हणण्याचे सार आहे. त्यांच्याच देशात त्याची प्रचिती आली. २००२ मध्ये तेथे अमलात आलेल्या कायद्याने शाळांचे भवितव्य चाचणीच्या गुणांशी जोडले. अटलांटा शहरात २०११ मध्ये झालेल्या चौकशीत ४४ शाळांमधील १७८ शिक्षक व मुख्याध्यापक गैरप्रकारांत सामील असल्याचे नमूद झाले. मुलांच्या उत्तरपत्रिकांवरील चुकीची उत्तरे खोडून बरोबर उत्तरे भरली जात होती. आपल्याकडे मध्य प्रदेशातही संशोधकांनी स्वतंत्रपणे पडताळणी केली तेव्हा सरकारी चाचणीतील गुण बरेच फुगलेले आढळले, आणि आंध्र प्रदेशात कागदाऐवजी टॅब्लेटवर चाचणी घेतल्यावर हा फुगवटा पुष्कळ कमी झाला.

यावरून शिक्षक अप्रामाणिक असतात असा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. तापमापकात १०२ ताप दिसला तर आईला दंड होणार असेल, तर कोणतीही आई तापमापक गार पाण्यात बुडवूनच डॉक्टरांपुढे धरील. रोग ओळखण्यासाठी घेतलेला आकडा आणि हिशेब मागण्यासाठी घेतलेला आकडा एकच असू नये, ही या विषयातील सर्वांत कळीची आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे.

मग आकड्यांनी खरोखर काही सुधारले आहे का?

सुधारले आहे, आणि त्याचे एक गाजलेले उदाहरण याच शहरातील आहे. मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत तिसरी-चौथीपर्यंत पोहोचलेल्या अनेक मुलांना पहिलीचे वाचन आणि साधी बेरीज-वजाबाकी जमत नाही, हे ‘प्रथम’च्या लक्षात आले होते. त्यावर योजलेला उपाय म्हणजे बालसखी. वस्तीतीलच, शालेय शिक्षण पूर्ण केलेली एक तरुणी मागे पडलेल्या १५ ते २० मुलांना शाळेच्याच वेळेत रोज दोन तास वेगळे बसवून, त्यांना जे येते तेथून पुढे शिकवत असे. हे करताना काही शाळांत एका इयत्तेला आणि इतर शाळांत दुसऱ्या इयत्तेला बालसखी देण्यात आली, म्हणजे बालसखी असलेले आणि नसलेले वर्ग शेजारी ठेवून तुलना करता आली. ही तुलना करणाऱ्यांमध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. २००७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. बालसखी असलेल्या वर्गांचे गुण पहिल्या वर्षी वाढले आणि दुसऱ्या वर्षी ती वाढ सुमारे दुप्पट झाली. ही वाढ मुख्यतः बालसखीकडे बसलेल्या मुलांची होती. मूळ वर्गातच बसलेल्या मुलांना वर्ग लहान झाल्याचा फारसा फायदा झाला नाही. म्हणजे नुसती वर्गातील गर्दी कमी करून जे साधत नाही ते मुलाच्या पातळीपासून शिकवल्याने साधते, हा निष्कर्ष या आकड्यांशिवाय हाती लागला नसता.

येथे घडलेले नेमके काय ते पाहावे. मुलाची पातळी शोधली, शाळेच्याच वेळेत त्या मुलाला त्या पातळीच्या गटात बसवले आणि शिकवायला एक माणूस दिला.

यातील माणूस आणि वेळ काढून टाकले की काय उरते, हे आंध्र प्रदेशातील एका प्रयोगाने दाखवले. तेथे शिक्षकांना वर्षाच्या सुरुवातीला त्यांच्या मुलांच्या बलस्थानांचा आणि उणिवांचा तपशीलवार लेखी अहवाल देण्यात आला आणि अधूनमधून वर्गनिरीक्षण झाले. निरीक्षक आले की शिक्षक अधिक उत्साहाने शिकवताना दिसले, पण वर्षअखेरीस मुलांचे गुण अहवाल न मिळालेल्या शाळांपेक्षा वेगळे नव्हते. आता एक अडचणीची गोष्टही सांगितली पाहिजे: त्याच राज्यात ज्या शिक्षकांना मुलांच्या प्रगतीनुसार बक्षीस मिळणार होते, त्यांच्यापैकी ज्यांनी अहवाल अधिक वापरला त्यांची मुले अधिक पुढे गेली. म्हणजे आकड्याशी पैसा जोडणे नेहमीच घातक असते असे नाही. तेथील चाचणी मात्र बाहेरच्या लोकांनी घेतली होती, शाळेने स्वतः नव्हे.

पाकिस्तानातील पंजाबच्या ११२ गावांतील प्रयोग आणखी निराळा. तेथे निम्म्या गावांत पालकांना गावातील सर्व शाळांचे निकाल एका साध्या कागदावर वाटण्यात आले. त्या गावांतील मुलांचे गुण वाढले आणि खासगी शाळांची फी सुमारे १७ टक्क्यांनी उतरली. तेथे एका गावात सरासरी सात शाळा होत्या आणि पालकांना चालत दुसऱ्या शाळेत जाता येत होते. ज्या वस्तीत रेल्वेमार्ग किंवा महामार्ग ओलांडल्याशिवाय दुसरी मराठी शाळा नाही तेथे असा कागद वाटून पालकांनी काय करावे, हा प्रश्न उरतो.

शिक्षकांचा वेळ यात जातो त्याचे काय?

‘आम्हाला शिकवू द्या’ ही राज्यातील शिक्षकांच्या मोर्चांमधील घोषणा पुष्कळांनी ऐकली असेल. तिच्यामागील तक्रार रास्त आहे. एकच माहिती यू-डायसला, राज्याच्या ‘सरल’ या शाळा-विद्यार्थी नोंदींच्या प्रणालीला, एखाद्या योजनेच्या स्वतंत्र लिंकवर आणि शिवाय ‘तातडीचे, आज दुपारपर्यंत’ असे लिहिलेल्या संदेशाला उत्तर म्हणून तक्त्यात भरावी लागते. पायाभूत आणि सत्राअखेरच्या संकलित चाचण्यांचे गुण शिक्षकांनीच तपासून मोबाइलवरून चढवायचे असतात. या चाचण्या स्वतः वाईट नाहीत. पायाभूत चाचणीचा हेतू तर मूल कोठे आहे हे वर्षाच्या सुरुवातीला कळावे हाच आहे. पण गुण चढवून झाले की काम संपले असे मानले जाते, तेथे घोडे अडते.

फलाटावरील इंडिकेटर हे माहितीचे उत्तम उदाहरण आहे, कारण ती ज्याला गाडी पकडायची आहे त्याच्या डोक्यावर आणि गाडी येण्यापूर्वी दिसते. वर्षभरात किती गाड्या किती उशिरा धावल्या याचा अहवाल रेल्वेच्या अधिकाऱ्यांना हवाच, पण दादरला उभ्या असलेल्या प्रवाशाला त्याचा उपयोग नाही. ४ डिसेंबर २०२४ ला झालेल्या ‘परख’चे निष्कर्ष जुलै २०२५ मध्ये जाहीर झाले, तोवर तिसरीतील मूल चौथीत गेले होते. धोरण आखणाऱ्यासाठी ते वेळेवर होते; वर्गशिक्षिकेसाठी गाडी गेलेली होती. या दोन गरजा वेगळ्या आहेत हे मान्य केले, तर शिक्षकांकडून वारंवार मागितल्या जाणाऱ्या माहितीपैकी बरीचशी मागण्याची गरजच राहणार नाही, असे मला वाटते.

मुलाची खासगी माहिती सुरक्षित राहील का?

प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद झाल्याने दोनदा होणारी मोजणी थांबली, शाळा बदलताना मूल हरवण्याचा धोका कमी झाला. पण त्याच नोंदीत नाव, जात, अपंगत्व, पालकांचे तपशील एकत्र आले. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती मूल मानली जाते आणि तिची माहिती वापरण्यासाठी सर्वसाधारणपणे पालकांची संमती लागते. ‘अपार’ क्रमांकही संमतीवर आधारलेला असल्याचे केंद्र सरकारने सांगितले आहे. प्रत्यक्षात दाखल्यासाठी किंवा परीक्षेच्या अर्जासाठी तो लागेल असे शाळेतून सांगितले जाते, तेव्हा ती संमती कितपत स्वेच्छेची उरते, हे पालकांना चांगले ठाऊक आहे.

पालकांना यात काय करता येते?

यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर शाळेच्या नावावरून किंवा क्रमांकावरून तिची माहिती कोणालाही पाहता येते. शाळेने कळवलेली वर्गखोल्यांची, शिक्षकांची, स्वच्छतागृहांची संख्या तेथे दिसते आणि पालकांना ती स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येते. विनाअनुदानित शाळा वगळता इतर शाळांत शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि शाळा विकास आराखडा तयार करणे हे तिचे काम आहे. बहुतेक ठिकाणी हा आराखडा मुख्याध्यापक लिहितात आणि समिती सही करते. त्याऐवजी पायाभूत चाचणीत प्रत्येक वर्गातील किती मुले वाचनात मागे दिसली, त्यांच्यासाठी वेळापत्रकात कोणता तास ठेवला आणि तो तास कोण घेणार, हे समितीच्या पुढील बैठकीत विचारता येते, आणि मिळालेले उत्तर इतिवृत्तात लिहून घेता येते.